किंडरगार्टन

किंडरगार्टन : शालापूर्व वयातील मुलांना खेळातून व त्यांच्या स्वतःच्या कृतीतून शिकू देणारी पद्धती आणि तशी शाळा. शब्दशः अर्थ ‘मुलांची बाग’. प्रवर्तक जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२).

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हा विचार विचारवंत रूसो यांनी ‘एमिल’ या ग्रंथात (१७६२) मांडला होता. वस्तू हाताळत शिकवण्याची रीत फ्रोबेल यांनी स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दाँ येथे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉत्सी यांच्याजवळ पाहिली (१८०८–१०). पुढे बर्लिनमध्ये त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. आतल्या नियमाने घडत जाणारा स्फटिक त्यांच्या मनात कायमचा रुजला आणि मुलाच्या वाढीकडेही ते त्याच नजरेने पाहू लागले.

१८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे काम सुरू केले. १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांनी तयार केलेल्या खेळसाहित्याला ते ‘भेटी’ म्हणत. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन व दंडगोल यांची. तिसरी सर्वांत अर्थपूर्ण : आठ छोट्या घनांत सुटणारा एक घन. मूल तो मोडते, त्याच ठोकळ्यांची खुर्ची, पूल, नक्षी मांडते आणि शेवटी पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवते. एकही तुकडा मांडणीबाहेर राहू द्यायचा नाही, असा दंडक होता. अपूर्णांकाचे नावही न घेता अर्धा आणि पाव हाताला कळत, हे या योजनेचे खरे यश. जोडीला गाणी, फेर धरून खेळ आणि प्रत्येक मुलाचा बागेतला स्वतःचा वाफा असे.

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकता व समाजवादाचा ठपका ठेवून या शाळांवर बंदी घातली. त्यात पुतण्या कार्ल याच्या लेखनाशी फ्रोबेल यांच्या विचारांची गल्लत झाली होती. हा अन्याय दूर झालेला त्यांना पाहता आला नाही. बंदी १८६० मध्ये उठली. तोवर फ्रोबेल यांच्या अनुयायी बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांनी ही पद्धती युरोपभर नेली होती.

पुढे अनेक ठिकाणी ‘भेटी’ शिक्षिकेच्या हुकमावर उघडायच्या कवायतीत अडकल्या. ही हानी मोठी होती, कारण मूळ कल्पनेचा प्राणच मुलाची स्वयंप्रेरणा हा होता.

मुलाने स्वतःच्या कृतीतून शिकावे याच तत्त्वावर महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, नंतर कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यांची प्रेरणा मुख्यतः फ्रोबेल यांची नव्हे, तर मॉण्टेसरी व गिजुभाई बधेका या बालशिक्षणतज्ज्ञांची. महागड्या साधनांऐवजी मात्र त्यांनी बिया, खडे, पाने, शिंपले मुलांच्या हाती दिले. पाड्यावरचे मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच त्याच्या अंगणात नेली.