पुठ्ठ्याची बाजू

‘आता मॉडेल कशाला? संगणकावर सगळं दिसतं की!’ नेपथ्याच्या चर्चेत हे वाक्य हल्ली सिद्धान्ताच्या थाटात वावरते. त्यामागचा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. संगणकातले माप मिलिमीटरपर्यंत चोख असते, भिंत सरकवायला नवी कापाकापी लागत नाही, बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीवरून काय दिसेल तेही क्षणात कळते. शिवाय मॉडेल फसवते, असे म्हणून मॉस्कोची साक्ष काढता येते.

ती साक्ष तपासू. जानेवारी 1912 मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ‘हॅम्लेट’ रंगमंचावर आणले. रंगवलेल्या देखाव्यांऐवजी नेपथ्यकार गॉर्डन क्रेगने नुसते उंच, घडीचे, हलते आडोसे योजले होते. मॉडेलमध्ये ते बोटाच्या धक्क्याने सरकत. त्या थिएटरचा दिग्दर्शक स्तानिस्लावस्की याने आत्मचरित्रात लिहिले की प्रेक्षक आत यायच्या थोडे आधी एक आडोसा कलला आणि पाठोपाठ बाकीचेही पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. क्रेगने या हकिकतीला आक्षेप घेतला होता. आपण ती खरीच धरू.

मॉडेल सहसा 1:25 या प्रमाणात करतात. त्यात 24 सेंटिमीटरचा पुठ्ठा नुसत्या घडीवर उभा राहतो, पण तो असतो 6 मीटरच्या फ्लॅटच्या, म्हणजे नेपथ्यातल्या उभ्या चौकटीच्या, जागी. लांबी 25 पट झाली की पृष्ठभाग 625 पट होतो आणि घनफळ 15,625 पट. आकारासोबत बळ त्याच हिशेबाने वाढत नाही, हे गॅलिलिओने 1638 मध्येच मांडून ठेवले आहे. म्हणजे मॉडेलला वजन विचारणे ही विचारणाऱ्याची चूक. आणि संगणकात? तिथे तर वजनच नाही. फ्लॅट टेकूवाचून उभा राहतो, हवेतही तरंगतो. मॉस्कोचा आक्षेप पुठ्ठ्याला जेवढा लागतो, त्याहून अधिक पडद्यावरच्या चित्राला लागतो.

खरा घोटाळा वेगळाच आहे. मॉडेल म्हणजे तयार नेपथ्याची लहान आवृत्ती, निर्मात्याची मंजुरी मिळवण्याचे साधन, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. तसे असेल तर ते बंद पडले तरी माझी हरकत नाही. इवलेसे सोफे, इवल्याशा कुंड्या! असली मॉडेल्स रुखवतात शोभतात.

कामाचे मॉडेल पांढऱ्या पुठ्ठ्याचे, ओबडधोबड, टाचण्यांवर तगलेले असते. त्यात पावणेदोन मीटरचा माणूस 7 सेंटिमीटरचा होतो. तो दारात उभा केला की दार मोठे झाले की लहान, यावर वाद घालावा लागत नाही. टॉर्च धरला तर खरा प्रकाश खऱ्या पुठ्ठ्यावरून परततो. सगळे जण वाकून, एकाच वेळी, आपापल्या कोनातून बघतात. दिग्दर्शक न विचारता एक भिंत उपटतो. संगणकाचा माउस मात्र एकाच्याच हातात असतो.

दिग्दर्शक पीटर ब्रुकने 1946 मध्ये स्ट्रॅटफर्डला तालमीआधी मॉडेलपुढे बसून चाळीस नटांसाठी पुठ्ठ्याचे चाळीस तुकडे हलवून हालचाली ठरवल्या. सकाळी जिवंत माणसे समोर येताच ते टिपण बाजूला ठेवले. पण त्याने टाकले ते आदल्या रात्रीचे टिपण, मॉडेल नव्हे.

कामाचे नकाशे काढायला संगणक हवाच. पण पुढच्या नाटकाच्या पहिल्या बैठकीला लॅपटॉपसोबत पुठ्ठा, कटर आणि तो 7 सेंटिमीटरचा माणूसही घेऊन जा.