नानांची तसबीर व भानूंचें घराणें

रुमाल सोडतांना आम्ही एकेक चिठोरें जपतों. तसबीर मात्र शोभेची वस्तु म्हणून भिंतीवर टांगून ठेवितों. हा पंक्तिप्रपंच बरा नव्हे.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चितारी इ. स. १७९१ त मुंबईस उतरला व पुढील वर्षीं रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयानें पुण्यास येऊन त्यानें सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें तैलचित्र काढिलें. तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. धनी अठरा वर्षांचा, गळ्यांत मोत्यांचे कंठे. कारभारी पन्नाशीचा, कृश, लांबट चेहऱ्याचा. पाहणारे कित्येक या चेहऱ्यांत कठोरपणा वाचितात. आम्हांस तें पटत नाहीं. १७९५ च्या ऑक्टोबरांत शनिवारवाड्यांत काय घडलें हें ठाऊक असल्यामुळें ते तो कठोरपणा मागाहून त्यांत घालितात. वेल्सला तें ठाऊक असणें शक्य नव्हतें. तो स्वतःही पुढच्याच महिन्यांत वारला.

चेहरा कळण्यास घराणें पाहिलें पाहिजे. भानू मूळचे कोंकणांतील वेळासचे. आजे बाळाजी महादेव पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले, ते १७१९ च्या दंग्यांत तेथेंच पडले. नानांचा जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२ चा. चौदाव्या वर्षीं वडील जनार्दनपंत गेले. एकोणिसाव्या वर्षीं पानिपतच्या पळांत मातोश्री अंतरल्या. अशा पुरुषाकडे १७७४ त पुरंदरावर जन्मलेलें, बाप न पाहिलेलें मूल सांभाळण्याचें काम आलें. त्यानें तें जरुरीपेक्षां अधिक जपलें, हा दोष आम्हीही मान्य करितों. परंतु तो भयाचा दोष, क्रौर्याचा नव्हे.

चित्र सांगत नाहीं तें कागद सांगतात. आमच्या मिरजेचे कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं शाळेंत संस्कृत शिकवून उरलेला वेळ पटवर्धनांच्या दप्तरास वाहिला. त्यांनीं १८९२ त नानांचें चरित्र लिहिलें व १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला. नानांचे एके काळचे भरंवशाचे परशुरामभाऊ १७९६ त चिमाजी आपांस गादीवर बसवून त्यांच्यापासून कसे दुरावले, हा गुंता पत्रांवांचून उकलत नाहीं.

१३ मार्च १८०० रोजीं नाना वारले, तेव्हां त्यांस संतति नव्हती. मागें राहिली ती जिऊबाई, अगदीं पोरवयाची. ती पुष्कळ वर्षें जगली, व दत्तकानें मेणवलीचें घर चाललें. तेथील दप्तर पारसनिसांच्या हातीं आलें. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला.

ज्यांच्या घरीं नानांची जुनी तसबीर असेल, त्यांनीं ती चौकटींतून हलक्या हातानें काढून मागील बाजू पाहावी. चिताऱ्याचें नांव, साल किंवा पूर्वीच्या मालकाचा शेरा आढळल्यास तो पुसूं नये. जसाच्या तसा उतरून मंडळाकडे धाडावा.