अण्णांच्या दोन चाली

आपल्या या पानावर आदिलाबादच्या जुन्या घरांच्या, कापसाच्या हंगामाच्या, मराठी शाळेच्या आठवणी बऱ्याच आल्या. आज मी बुद्धिबळाची आठवण लिहितो. थोडी लांब झाली आहे, पण सवडीने वाचा. विशेषतः ज्यांच्या घरी कधी कापडी पट होता, त्यांनी तर नक्की वाचा.

निमित्त नातीचं. ती पुण्याला आठवीत आहे आणि बुद्धिबळाच्या क्लासला जाते. परवा फोनवर म्हणाली, "आबा, सरांनी मला काळ्याकडून खेळायला ग्रुनफेल्ड बचाव दिलाय. आमच्या बॅचमध्ये हा कोणीच खेळत नाही. समोरच्याला मधली सगळी जागा देऊन टाकायची आणि आपण कोपऱ्यात उंट लावून बसायचं. याला बचाव कसं म्हणायचं?"

मी हसलो आणि तिला म्हटलं, "बाळा, यातल्या पहिल्या दोन चाली तुझ्या पणजोबांच्या आहेत." तिला ती थाप वाटली. थाप नाही, पण पूर्ण खरंही नाही. हिशेब नीट लावायची सवय असल्यामुळे किती खरं आणि किती नाही ते इथे मांडतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये मुनीम होते. दिवाळी ते होळी कापसाच्या गाड्यांची रीघ असायची, तेव्हा त्यांना जेवायला फुरसत नसे. पाऊस लागला की जिनिंग बंद, आणि मग ओसरीवर पट निघायचा. खेळायला दोघे ठरलेले. एक तहसिलीतले निवृत्त पेशकारसाहेब, दुसरे शेजारचे तेलुगू मास्तर. अण्णा "शह" म्हणायचे, पेशकारसाहेब "किश्त" म्हणायचे, आणि मास्तर खेळालाच "चदरंगम" म्हणायचे. निजामाच्या राज्यातून आलेली तीन माणसं, तीन भाषा, पण पट एकच. भांडण व्हायचं ते फक्त हात लावलेलं सोंगटं परत ठेवायचं की नाही यावरून.

खेळ अर्थातच देशी नियमांचा. नव्या पिढीसाठी आमच्या घरचे नियम सांगतो. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, दोन नाही. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं तर त्याचा सरसकट वजीर होत नसे. ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं, हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. समोरच्याचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून जिंकणाऱ्यालाही समोरची एक-दोन सोंगटी जपावी लागत. आणि सगळ्यांत मानाची मात प्याद्याची. वजिराने मात केली तर अण्णा "झालं" एवढंच म्हणायचे. प्याद्याने केली तर आतून चहा मागवायचे.

गावोगाव यात फरक असायचा. पेशकारसाहेबांच्या घरचे दोन-तीन नियम वेगळे होते, म्हणून डाव मांडण्याआधी "आज कोणाच्या कायद्याने?" असं विचारायची पद्धत होती.

काळी सोंगटी असली की अण्णांची मांडणी ठरलेली. आधी राजाकडचा घोडा बाहेर. मग त्याच बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे, आणि त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट. तिथून तो उंट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका बघत बसायचा. अण्णा म्हणायचे, "याला हलवायचं नाही. हा आपला चौकीदार."

यात नवल काही नव्हतं. प्यादी एकेक घर चालतात तेव्हा दोन्ही फौजा समोरासमोर भिडायला वेळ लागतो. आठ-दहा चाली जो तो आपलं घर लावत असतो. अशा खेळात उंटाला लांबच्या तिरप्या रेषेवर बसवणं सोयीचं पडतं. देशभर अनेक जण असं खेळत. तीच त्या खेळाची रीत होती.

आता १९७२. मी नांदेडहून बी.कॉम.ची परीक्षा देऊन घरी आलो होतो. त्या पावसाळ्यात आइसलँडमध्ये रेक्याविक इथे फिशर आणि स्पास्की यांचा जगज्जेतेपदाचा सामना चालू होता, आणि वर्तमानपत्रांत बुद्धिबळ पहिल्या पानावर आलं होतं. मी मित्राकडून एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की मधली चार घरं ज्याच्या ताब्यात त्याचा डाव. प्यादी दोन घरं टाका, मध्य धरा, लवकर किल्लेकोट करा.

झालं. मी अण्णांना सांगितलं की तुमचा खेळ चुकीचा आहे, जगात असं कोणी खेळत नाही. ते म्हणाले, "मग तुझ्या कायद्याने मांड." मी पांढरी घेतली, पहिल्याच दोन चालींत दोन प्यादी दोन-दोन घरं पुढे टाकली. अण्णांनी नेहमीसारखा घोडा काढला, प्यादं एक घर सरकवलं, उंट कोपऱ्यात नेला. माझी प्यादी अंगावर येत गेली आणि त्यांची फौज घरातच दबली. तिन्ही डाव मी जिंकले. तिसऱ्यानंतर त्यांनी सोंगटी डब्यात भरली आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या कायद्याने तू जिंकलास."

त्यानंतर ते माझ्याशी कधी खेळले नाहीत. राग धरला असं नाही, पेशकारसाहेबांशी त्यांचा खेळ चालूच राहिला. पण मी ओसरीवर आलो की, "ये, तुझ्या कामाचं नाही हे," असं म्हणायचे. पुढच्या वर्षी मी बँकेत लागलो, बदल्या सुरू झाल्या. १९७९ साली अण्णा गेले.

आता खरी गोष्ट. १९८६ मध्ये आमच्या बँकेच्या क्रीडास्पर्धेत मी बुद्धिबळात उतरलो. काळ्याकडून मी वजिराच्या प्याद्यासमोर सारखा हरत होतो. दुसऱ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने माझे डाव बघितले आणि म्हणाला, "जोशात मध्य धरायला जाऊ नका, धरू द्या त्याला." त्याने ग्रुनफेल्ड शिकवला. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की काळा घोडा काढतो. पांढऱ्याने उंटापुढचं प्यादं आणलं की काळा घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतो. मी तिथेच थांबलो. हे तर मी पाहिलेलं होतं, आमच्या ओसरीवर.

पुढे या बचावाचा इतिहास वाचत गेलो. नाव पडलं ते व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डमुळे. त्याने १९२२ मध्ये पिश्चॅन इथल्या स्पर्धेत हा बचाव खेळला, आणि त्याच वर्षी अलेखिनसारख्याला याच बचावाने हरवलं. पण त्याच्याआधी ६७ वर्षं, १८५५ साली, हा बचाव कलकत्त्यात पटावर आलेला होता. पांढरी सोंगटी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरकडे, काळी महेशचंद्र बॅनर्जी यांच्याकडे. महेशचंद्र खेड्याकडचे. आयुष्यात कोणाकडून हरला नाही असा एक ब्राह्मण आहे, अशी त्यांची ख्याती कलकत्त्याच्या क्लबापर्यंत पोचली, म्हणून त्यांना बोलावून आणलं. तोवरचा त्यांचा खेळ देशी, युरोपीय नियम त्यांना नवे. १८५० मध्ये लंडनच्या 'चेस प्लेयर्स क्रॉनिकल'मध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं. कॉक्रेनशी ते पुढे शेकडो डाव खेळले. 'इंडियन डिफेन्स' हे नाव जे जगभर चालतं, किंग्ज इंडियन वगैरे, ते या मंडळींच्या खेळावरूनच पडलं.

आपल्याकडे अशी गोष्ट सांगताना शेवटी "आणि त्याने साहेबाला धूळ चारली" असं जोडायची सवय आहे. तो डाव मी पटावर मांडून पाहिला आहे. महेशचंद्र तो डाव हरले. काळ्याची मांडणी आजच्या पुस्तकात शोभेल अशी: मध्यावर उंटाचा रोख, बाजूने प्याद्याचा धक्का, घोडा आणि दुसरा उंट दोघंही मध्यावर दाब द्यायला. पण पुढे चूक झाली. त्यांनी घोड्याने कॉक्रेनच्या वजिरावर चाल केली, तोवर कॉक्रेनचा घोडा राजाच्या दारात पोचला होता. वजीर बळी देऊन घोड्याने मात, राजा स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेला.

हरलेला डाव असूनही तो आज जगाला माहीत आहे, कारण तो लिहून ठेवला गेला.

आणि आता माझ्या हिशेबातली मुख्य नोंद. अण्णांना ग्रुनफेल्ड येत होता का? नाही. ग्रुनफेल्डची ओळख तिसऱ्या चालीत आहे. त्या चालीला काळा वजिरापुढचं प्यादं एकदम दोन घरं टाकून पांढऱ्याच्या प्याद्याला भिडवतो. ही चाल आमच्या घरच्या कायद्यात बसतच नव्हती, प्यादं दोन घरं जातच नव्हतं. म्हणजे हा बचाव अर्धा देशी, अर्धा विलायती आहे. एक घर सरकलेलं प्यादं आणि कोपऱ्यातला उंट ही आपली रीत, आणि दोन घरांची उडी त्यांचा नियम. महेशचंद्रांची हुशारी अशी की त्यांनी आपली रीत सोडली नाही आणि नवा नियम नाकारलाही नाही. समोरचा दोन घरं येतो ना, मग मीही दोन घरं जाऊन त्याला अडवतो, आणि त्याने उभारलेल्या मध्यावर माझा उंट मारा करत राहील.

अण्णांकडे पहिल्या दोन चाली होत्या. तिसरी त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. नवा नियम घरात फक्त मला माहीत होता. "अण्णा, तुमच्या चौकीदाराला धरून आता हे प्यादं दोन घरं टाका, मग बघा," एवढं मी बोललो असतो तर डाव रंगला असता. मी तो नियम त्यांना हरवायला वापरला. एकवीस वर्षांचा होतो, हे कारण आहे. पण त्यामुळे नोंद बदलत नाही.

त्या काळात देशी खेळ सगळीकडूनच मागे सरत होता, हेही खरं. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती आंतरराष्ट्रीय नियमांनी. तिथे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, एक मराठी, एक तेलुगू. आमच्या ओसरीवर मास्तर ही बातमी मोठ्या कौतुकाने सांगत. पुढच्याच वर्षी राज्यांची फेरमांडणी झाली, किनवट नांदेडला गेलं, राजुरा आधी नांदेडला आणि नंतर चांद्याला, आणि आपण इकडे राहिलो. स्पर्धेला एकच नियम हवेत, त्याला इलाज नाही. पण घरोघरचे कायदे तेव्हापासून विरत गेले, आणि शिकलेल्या पोरांनी त्यांना 'चुकीचं' म्हणून हातभार लावला.

अण्णा दिवसाचा पैसा न् पैसा खतावणीत उतरवायचे. जमा-नावे जुळल्याशिवाय उठायचे नाहीत. पण वीस-पंचवीस पावसाळ्यांतला एकही डाव त्यांनी किंवा मी लिहिला नाही. बँकेत आम्ही म्हणायचो, व्हाउचर नाही तर व्यवहार नाही. त्या न्यायाने आमच्या ओसरीवर कोणी बुद्धिबळ खेळलंच नाही.

नातीला मी हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग हा बचाव खेळू का नको?" म्हटलं, खेळ, पण हरायची तयारी ठेव. २०१० साली सोफियाला जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात आपला आनंद काळ्याकडून हाच बचाव खेळला आणि टोपालोवने त्याला तीस चालींत हरवलं. तरी शेवटच्या डावात काळ्याकडूनच जिंकून त्याने किताब राखला. आणि हरलेला डावही वहीत लिही, जिंकलेल्याच्या आधी.

मंडळी, आता तुमच्याकडे एक मागणं. बोथ, उटनूर, आसिफाबाद, निर्मळ, किनवट, राजुरा, जिथे कुठे तुमच्या घरी देशी पट मांडला जायचा, तिथला कायदा खाली लिहा. प्यादं किती घरं जायचं, राजाची उडी होती का, बुर्जीला काय म्हणायचे, मात कोणती मानाची. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आजच विचारा. चूक-बरोबर कोणी ठरवणार नाही.

आमच्या घरचे नियम वर दिले आहेत. ती पहिली नोंद समजा.