मेजावरचे रणांगण : रंगवलेल्या शिपायांचा युद्धखेळ

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील वाड्यांच्या अंगणांत आणि गृहसंकुलांच्या कोपऱ्यांत दगडमातीचे किल्ले उभे राहतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, दरवाजावर पहारेकरी, उतारावर मावळे आणि मातीत पेरलेल्या धान्याची कोवळी हिरवळ, हे दृश्य मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. या किल्ल्यावर सैन्य असते, लढाई मात्र नसते. मावळा जिथे ठेवला तिथेच सुट्टी संपेपर्यंत उभा राहतो. समजा, या मावळ्याने एका चालीत किती अंतर कापावे, तोफेचा मारा कुठवर पोहोचावा आणि कोण पडला हे कसे ठरवावे, याचे नियम कोणी बांधून दिले, तर? मग शोभेच्या चित्रांचा खेळ होतो. युरोप-अमेरिकेत हा खेळ प्रौढ माणसे गेली शंभरहून अधिक वर्षे खेळत आहेत. इंग्रजीत त्याला ‘वॉरगेमिंग’ म्हणतात. मराठीत त्यास ‘युद्धखेळ’ म्हणता येईल.

प्रशियाच्या दरबारातून

पटावरील युद्धाची कल्पना भारताला नवी नाही. बुद्धिबळाचा पूर्वज असलेल्या चतुरंगात हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ ही सेनेची चारही अंगे होती. परंतु पटावर डोंगर नसतो, नदी नसते, आणि प्रतिपक्षाचे प्रत्येक मोहरे डोळ्यांसमोर असते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अठराव्या शतकात जर्मनीत सुरू झाला. ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यातील घरांना भूप्रदेशानुसार निरनिराळे रंग दिले.

पुढचे पाऊल प्रशियातील रायस्विट्झ पितापुत्रांनी टाकले. वडिलांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याच्यासाठी एक मोठे मेज बनवले. त्यावर नद्या, टेकड्या आणि गावे हवी तशी मांडता येत. सैन्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये घरे आखलेला पट पूर्णपणे काढून टाकला आणि त्याजागी १:८००० प्रमाणाचा लष्करी नकाशा आणला. तुकड्यांसाठी लाल-निळे ठोकळे, प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या काळाएवढी, गोळीबाराचा परिणाम फाशांवर आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच, अशी त्याची रचना होती. खेळाडूने लेखी आज्ञा द्यायची आणि पंचाने त्याला दिसू शकेल तेवढेच शत्रुसैन्य नकाशावर ठेवायचे. हा खेळ पाहून सरसेनाधिकारी म्युफलिंग प्रभावित झाले आणि त्यांनी तो सैन्यात प्रसृत करण्याची शिफारस केली. ‘क्रीगश्पील’ या नावाने तो ओळखला गेला. त्याच्या धाकट्या जनकाने मात्र १८२७ मध्ये आत्महत्या केली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला नमवल्यावर इतर देशांच्या सेनांचे लक्ष या खेळाकडे गेले; तो मान पाहण्यास रायस्विट्झ हयात नव्हता.

साहित्यिकांच्या हाती

खेळण्यातील शिपायांची परंपरा याहून वेगळी. अठराव्या शतकात न्युरेंबर्ग येथील कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतीत. १८९३ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याचे तंत्र आणले. शिसे कमी लागल्याने शिपाई स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय घरांत पोहोचला.

‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे छातीच्या विकारामुळे १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दावोस येथे राहत होते. तेथील माळ्याच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून ते आपल्या सावत्र मुलाबरोबर शेकडो शिपायांचे युद्ध खेळत. या काल्पनिक युद्धाच्या वार्ता ते वृत्तपत्री थाटात लिहूनही काढीत.

खेळाला सर्वसामान्यांसाठी पहिली सुटसुटीत नियमावली दिली ती विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडी दांडीचे तुकडे उडवणारी कमानीची तोफ हे या खेळाचे हृदय. पायदळाने एका चालीत एक फूट जावे, घोडदळाने दोन फूट. तोफ डागायची तर तिच्यापासून सहा इंचांच्या आत किमान चार शिपाई उभे असावेत. जो शिपाई तोफेच्या माऱ्याने आडवा होईल तो मेला. नियम इतके साधे होते. चालीला घड्याळाची मर्यादा असल्याने खेळाडूला सेनापतीप्रमाणेच घाईत निर्णय घ्यावे लागत.

वेल्स युद्धाचे चाहते नव्हते. हा खेळ तीन-चार वेळा खेळलेल्या माणसाला खरे युद्ध किती गोंधळाचे आणि मूर्खपणाचे असते ते उमजेल, असा त्यांच्या पुस्तकाच्या शेवटाचा आशय आहे. त्यानंतर वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले.

छंदाला आलेले बाळसे

आजच्या स्वरूपातील छंदाची पायाभरणी दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. रणगाडा दलात सैनिक राहिलेले आणि पुढे साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबमध्ये भौतिकोपचारतज्ज्ञ असलेले डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले. त्याच वर्षी त्यांनी या छंदाला वाहिलेले वार्तापत्रही सुरू केले. गावोगावी एकेकटे बसून शिपाई रंगवणाऱ्यांना आपल्यासारखे इतरही आहेत याचा त्यातून पत्ता लागला. त्याच सुमारास, १९५९ पासून, एअरफिक्स कंपनीचे प्लास्टिकचे चिमुकले शिपाई बाजारात आले होते. शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत पलटण उभी करता येऊ लागली. प्राचीन काळातील युद्धांच्या अभ्यासकांसाठी १९६५ मध्ये ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था निघाली.

अमेरिकेत या छंदाला वेगळाच फाटा फुटला. मध्ययुगीन लढायांसाठी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे नियम लिहिले. त्यांना राक्षस आणि जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. त्यातूनच १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा जगप्रसिद्ध खेळ जन्मला. संगणकावरील असंख्य साहसखेळांचे मूळ असे या चिमुकल्या शिपायांत सापडते.

व्यापारी यशाचे मोठे उदाहरण म्हणजे १९७५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ‘गेम्स वर्कशॉप’. सुरुवातीला लाकडी पट बनवणाऱ्या या कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे कल्पित विश्वांतील युद्धखेळ आणले. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा समावेश लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात झाला. तिचे मुख्यालय असलेल्या नॉटिंगहॅमच्या परिसरात लघुशिपाई बनवणाऱ्या अनेक कंपन्या वसल्या आहेत.

शिपाई घडतो कसा?

प्रचलित आकार २८ मिलिमीटरचा, म्हणजे उभ्या शिपायाची उंची इंचाहून थोडी अधिक. मोठ्या लढायांसाठी १५ मिलिमीटरचे आणि थेट ६ मिलिमीटरचेही शिपाई मिळतात. मूळ नमुना मूर्तिकार तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुट्टीने घडवतो. त्यावरून रबरी साचा निघतो आणि फिरत्या साच्यात वितळलेला धातू ओतला जातो. पूर्वी शिशाचे प्रमाण अधिक असे. आता कथीलप्रधान मिश्रधातू, प्लास्टिक आणि रेझिन यांचा वापर वाढला आहे. जुने शिशाचे शिपाई कानशीने घासताना उडणारी भुकटी विषारी असल्याने त्याबाबत काळजी घ्यावी लागते. अलीकडे संगणकावर घडवलेला नमुना घरच्या त्रिमिती मुद्रकावर छापून घेणाऱ्यांची संख्याही वाढत आहे.

या कारागिरीत किती जीव गुंतलेला असतो, याचे उदाहरण म्हणून ब्रिटिश मूर्तिकार मायकेल पेरी यांच्याकडे पाहता येईल. १९९६ मध्ये फ्रान्समधील क्रेसी येथे मध्ययुगीन लढाईच्या पुनर्दर्शनात तोफेच्या अपघाताने त्यांनी आपला उजवा हात गमावला. त्यानंतर ते डाव्या हाताने घडवण्यास शिकले आणि जुळे बंधू ॲलन यांच्यासह त्यांनी पुढे स्वतःची कंपनीही उभी केली.

रंगकामाचा क्रम ठरलेला असतो. शिपाई साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा, त्यावर अस्तराचा रंग द्यायचा, मग कोट, पट्टे, चेहरा, बंदूक यांचे मूळ रंग भरायचे. नंतर गडद रंगाचे पातळ पाणी वरून सोडले की ते चुण्यांत आणि खाचांत साचते आणि सावलीचा आभास होतो. जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की उजेड उमटतो. शेवटी संरक्षणासाठी वॉर्निश आणि पायाखालच्या चकतीवर वाळू-गवत. गणवेशाच्या बाह्यांची पट्टी कोणत्या पलटणीची कोणत्या रंगाची होती, यासाठी छंदिष्ट जुने ग्रंथ धुंडाळतात. एक पलटण पूर्ण होण्यास कित्येक संध्याकाळी लागतात. अनेकांना लढाईपेक्षा हेच काम अधिक प्रिय असते.

चाल, मारा, मनोधैर्य

खेळाचे मेज बहुधा सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असते. त्यावर टेकड्या, झाडी, कुंपणे, घरे मांडली जातात. घरे आखलेली नसल्याने अंतर मोजपट्टीने मोजतात. काही नियमांत एक शिपाई वीस सैनिकांचा प्रतिनिधी मानला जातो. म्हणजे २४ शिपायांची तुकडी ही ४८० सैनिकांची पलटण होय.

समजा, या तुकडीने बंदुका झाडल्या आणि दोन शिपायांमागे एक फासा असा नियम आहे. बारा फासे पडतील. पाच किंवा सहा पडल्यास नेम लागला असे धरले, तर सरासरीने चार नेम लागतील. पण कधी एकच लागेल, कधी आठ. सरासरीवर विसंबून योजना आखणारा सेनापती येथेच फसतो. मारा सोसलेल्या तुकडीला पुढे मनोधैर्याची कसोटी द्यावी लागते. फासे उलटे पडले तर सुस्थितीत दिसणारी पलटण पाठ फिरवते. बुद्धिबळातील प्यादे कधी घाबरत नाही. हा शिपाई घाबरतो. दोन्ही खेळांतील खरा फरक हाच.

फाशाचा कौल मोडला तर

फाशाचा कौल मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवे मोहिमेची तालीम युद्धखेळाच्या रूपाने केली. जपानी अधिकाऱ्यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीनुसार, त्यात फाशांनी अकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा कौल दिला. अध्यक्षस्थानी असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी तो बदलून अकागीला खेळात परत घेतले. ४ जूनच्या खऱ्या हल्ल्यांत जपानने या दोन्ही नौकांसह चार विमानवाहू नौका गमावल्या.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये याच्या उलट घडत होते. क्षयामुळे सक्रिय सेवेतून बाहेर पडलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि महिला नौदलातील तरुण मुली यांनी एका दालनाच्या जमिनीवर खडूच्या रेषा आणि लहान नौका मांडून जर्मन पाणबुड्यांचे डावपेच शोधून काढले. त्यावरचा तोड म्हणून बसवलेली ‘रास्पबेरी’ ही चाल प्रत्यक्ष अटलांटिक महासागरात वापरली गेली. जमिनीवर मिळालेला पराभव तेथे कोणी खोडला नाही, म्हणून तो उपयोगी पडला.

असई आणि पानिपत

मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याच्या लढायाही परदेशी मेजांवर मांडल्या जातात. त्यांत आघाडीवर आहे ती आजच्या जालना जिल्ह्यातील असईची, २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई. केळणा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसल्यावर मध्ये उतार असणारच, असा तर्क ऑर्थर वेलस्लीने केला आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या बगलेवर सैन्य उतरवले. मेजावर मात्र शिंद्यांकडून खेळणाऱ्याला हा उतार आधीच ठाऊक असतो. तो पहिल्याच चालीत तेथे तोफा रोखतो आणि इतिहास उलटा फिरतो. यावर उपाय रायस्विट्झचाच : पंच नेमायचा, किंवा लढाईचे नाव आणि स्थळ बदलून ती खेळाडूंपुढे ठेवायची.

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात अडचण आणखी खोल आहे. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, भाऊसाहेबांची हुजुरात आणि अब्दालीची राखीव फौज यांना मेजावर जागा देता येते. अनेक दिवसांच्या उपासमारीनंतर छावणीबाहेर पडलेल्या सैन्याचे अंग कसे चालत असेल, हे नियमावलीत फार तर एका उण्या गुणाने लिहिले जाते. छावणीतील बायकामुले आणि यात्रेकरू यांच्यासाठी तर एकही रंगवलेला शिपाई नसतो. लढाई संपल्यानंतर काय झाले, तेथपर्यंत खेळ पोहोचत नाही; तो सूर्यास्ताच्या चालीला थांबतो.

या छंदावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि जाणते खेळाडू तो झटकून टाकत नाहीत. काहीजण विसाव्या शतकातील युद्धे खेळण्याचे टाळतात, काहीजण कल्पित विश्वच पसंत करतात. उरलेल्यांचे म्हणणे वेल्स यांच्या जवळचे आहे. नीट आखलेली योजना चार फाशांत विस्कटते आणि महिनाभर खपून रंगवलेली पलटण एका चालीत मेजावरून उचलावी लागते, तेव्हा सेनापतीच्या हाती किती थोडे असते हे कळते. खेळ संपल्यावर पडलेले शिपाई वेचून पेटीत ठेवले जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहतात. खऱ्या रणांगणाला ही सोय नाही.