तसबिरीची चौकट

भिंतीवरील तसबिरीकडे पाहणाराची दृष्टी चित्रावरच खिळते. चौकटीकडे ती वळते काच पुसताना, नाही तर वाळवीचा संशय आला म्हणजे. खालापूर तालुक्यातील लोधिवलीच्या एका जुन्या घरी रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर मी खुंटीवरून उतरवली, तेव्हा चौकटीच्या उजव्या पट्टीत, लाखेच्या पॉलिशाखाली, वाटाण्याएवढे एक भोक सरस आणि भुसा यांनी बुजवलेले दिसले. वखारीतून आणलेल्या कोऱ्या लाकडात ते असण्याचे कारण नव्हते; ही पट्टी कधी काळी तुळई होती आणि भोक तिच्या खिळ्याचे होते.

लक्ष्मीचा प्रवास सांगणे सोपे. १८९४ साली मुंबईत निघालेला रविवर्म्याचा छापखाना प्लेगच्या दिवसांत, १८९९ च्या सुमारास, घाटमाथ्यावर मळवलीस गेला. जर्मनीहून आलेल्या शिळांवर आणि यंत्रांवर तेथे छापलेल्या देवदेवतांना बोरघाटातील १८३० ची सडक आणि १८६३ ची रेल्वे यांमुळे खालापुरास उतरणे मुळीच अवघड नव्हते. चित्र झाले स्वस्त. अडचण होती ती लाकडाची.

सागावर सरकारची नजर जुनीच. आरमारासाठी सागवान तोडायचे ते हुजूरच्या परवानगीने, आणि रयतेच्या आंब्याफणसांस तर हातही लावावयाचा नाही, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. परंतु इंग्रजी अमलात १८७८ च्या कायद्याने राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा हुजुराची जागा जंगल खात्याने घेतली, आणि रयतेच्या वाट्याला परवाना व दंड एवढेच उरले. खालापूर तेव्हा कर्जत तालुक्याचा पेटा असून ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्याकडे गेले. या दोन जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाणी ऐकण्यास मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला, आणि त्या गाऱ्हाण्यांत भातखाचरातील राबासाठी, म्हणजे जमीन भाजण्यासाठी, फांद्या छाटण्याचा हक्क अग्रभागी होता. राबाच्या फांदीसाठी जेथे अर्जविनंत्या, तेथे तसबिरीकरिता सागाचा सोट मागण्यास कोण जाणार?

म्हणून घर मोडले, की त्याच्या वासेतुळयांना, दाराच्या चौकटींना मान येई. याचे कारण नुसती काटकसर नव्हे. पन्नास-साठ पावसाळे छपराखाली काढलेल्या सागाला जे आकसायचे ते तो आकसून चुकलेला असतो. ओल्या लाकडाची चौकट करावी, तर ते सुकताना रुंदीत आकसते आणि कोपऱ्यांतील तिरप्या सांध्यांना आतल्या बाजूने फट पडते. तीतून दमट हवा आणि किडे आत शिरले, की लक्ष्मीच्या साडीवर डाग पडलेच. सुतार प्रथम खिळे उपटी, कारण एक खिळा राहिला तरी करवतीचे दाते गेलेच; मग रंध्याखाली काजळी निघून पिवळसर तांबूस साग उघडा पडे, गलत्याच्या रंध्याने कडेला नक्षी येई, आणि मागे काचेसाठी खाच पडे.

पाठीला मात्र साग वाया घालवण्याचे कारण नसे. त्या लक्ष्मीच्या पाठीशी देवदारी खोक्याची फळी ठोकलेली होती. तिच्यावर काळ्या शाईतील रोमन अक्षरे अर्धवट कापली गेली होती, आणि खोके मालाने भरलेले असतानाची वरची बाजू दाखवणारा बाण आता खाली, जमिनीकडे, रोखलेला होता.