पायी सहलीचे मूळ

वाटाड्या बरोबर घेऊन डोंगरदऱ्यांतून पायी हिंडणे ही सुखवस्तू लोकांची हौस, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते या सहलीचा जन्म गिरणीच्या भोंग्याखाली झाला. लँकेशायरमधील कोल्न या कापडगिरण्यांच्या गावी टी. ए. लेनर्ड नावाचे पाद्री होते. कामगारांनी वर्षाची शिल्लक सुट्टीत ब्लॅकपूलच्या गर्दीत उधळावी, हे त्यांस रुचेना. १८९१ साली सुमारे ३० जणांस अँबलसाइड येथे नेऊन त्यांनी चार दिवस डोंगर हिंडविले. १८९३ मध्ये सहकारी सुट्टी-संघ निघाला.

पण पाय तयार झाले तरी वाट मोकळी कोठे होती? माळराने जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली! १९३२ साली बंदी झुगारून किंडर स्काउटवर चढलेल्यांपैकी पाच तरुणांस तुरुंगवास घडला. त्याच डोंगरावरून जाणारी २६८ मैलांची पेनाइन वाट १९६५ मध्ये खुली झाली. ती पाहावयास लेनर्ड उरले नव्हते. १९४८ मध्येच ते वारले होते.