एका जनुकाचा इतिहास

रोगाचे नाव कळले म्हणजे रोग कळला, असे आपण सहज समजतो. इतिहास तसे सांगत नाही. रक्तात पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होणारा एक चिवट कर्करोग वैद्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. त्याचे मूळ मात्र अज्ञात होते. १९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. मग उरलेला तुकडा गेला कोठे? १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी रंगविलेली गुणसूत्रे ताडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. तुकडा हरवला नव्हता. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली होती.

या अदलाबदलीत सापडलेले जनुक म्हणजे ‘एबल’. ते आपणां सर्वांच्या पेशींत असते आणि ते आपले वैरी नव्हे. त्याच्यापासून बनणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडते. ही जोड हाच पेशीतला निरोप. निरोगी पेशीत हे विकर आवरलेले असते, गरजेपुरते जागे होते. बाविसाव्या गुणसूत्रावरील ‘बीसीआर’ जनुकाशी एबलचा सांधा जुळला की तो आवर सुटतो आणि वाढीचा निरोप थांबेनासा होतो.

दोष नेमका कळला, म्हणून उपायही नेमका सापडला. फॉस्फेट पुरविणारा रेणू विकराच्या ज्या खोबणीत बसतो, तीच अडविणारे इमॅटिनिब हे औषध १९९८ पासून रोग्यांवर पारखले गेले व २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. पुष्कळांचा जीवघेणा रोग रोजच्या गोळीने आटोक्यात राहू लागला.

पण ही गोळी परवडावी कोणाला? भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांना त्या काळी महिन्याकाठी सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, देशी कारखान्यांच्या गोळ्यांना ८ ते १० हजार. पेटंटाच्या वादात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीच्या विरोधात उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले.

आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत पोचावयास विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. गोळीपासून गरिबाच्या घरापर्यंतचे अंतर तोडणे हे मात्र एकट्या विज्ञानाचे काम नव्हे. ते समाजाचे, म्हणजे तुमचे आमचे काम आहे, असे आम्हांस वाटते.